अर्ध्या गुणाचा न्याय

गोदाघाटावरील आपल्या व्याख्यानमालेत देशाचे, धर्माचे, साहित्याचे आणि अर्थकारणाचे मोठमोठे प्रश्न मांडले जातात. त्या पंगतीत बुद्धिबळाच्या स्पर्धेतील अर्ध्या गुणाचा प्रश्न घेऊन बसताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. परंतु ज्यांचे आयुष्य कामगारांच्या पाळ्या, ज्येष्ठतेच्या याद्या आणि तडजोडीचे मसुदे यांत गेले, त्यांना अर्धा गुण लहान वाटत नाही. दोघे सारख्याच योग्यतेचे असतील आणि जागा एकच असेल, तर ती कोणाला द्यावी, हा प्रश्न कारखान्यात येतो, निवडणुकीत येतो, आणि बुद्धिबळाच्या पटावर तर तो अगदी उघडावाघडा होऊन येतो.

आमच्यापुढे तो कसा आला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी सातपूर आणि अंबड भागातील कामगारांसाठी आम्ही काही मंडळींनी दोन दिवसांची बुद्धिबळ स्पर्धा भरवली. खेळाडू चोवीस, फेऱ्या पाच. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा. दुसऱ्या दिवशी रात्री पाहतो तो एक टर्नर आणि एक स्टोअरकीपर या दोघांचे चार-चार गुण. दोघेही अपराजित, दोघांचे विजय तीन-तीन, दोघांमधला डावही बरोबरीत सुटलेला. पुढच्या स्पर्धेला पाठवायचा होता एकच. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, लोक ताटकळलेले, आणि बरोबरी झाल्यास काय करायचे याचा नियम आम्ही केलेलाच नव्हता! समितीतील एका जाणत्याने एक रीत सुचवली, पाच मिनिटांत बेरीज झाली, आणि स्टोअरकीपर पहिला ठरला. टर्नर पुढे आला. आवाज न चढवता त्याने एवढेच विचारले, "भाऊ, हा नियम सकाळी होता का?"

नव्हता. आणि समितीत आम्हीच बसलो होतो, तेव्हा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचीही सोय नव्हती. नियम आधी फलकावर लावा, मग त्याप्रमाणे वागा, असे व्यवस्थापनांना ऐकवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्यानेच ऐनवेळी नियम काढून एका कामगाराला मागे सारले होते. तेव्हापासून या विषयाचा आम्ही जमेल तसा अभ्यास केला. त्याचा सारांश येथे मांडतो.

प्रथम, बरोबरी मुळात होतेच का, ते पाहू. स्पर्धा घेण्याच्या रीती मुख्यतः तीन. बाद पद्धतीत हरला तो घरी जातो. ती झटपट संपते, पण एका चुकीला क्षमा नाही. साखळी पद्धतीत प्रत्येकजण प्रत्येकाशी खेळतो. ही सर्वांत न्याय्य, परंतु आठ खेळाडूंना सात फेऱ्या लागतात, तर चोविसांना तेवीस. एवढी रजा कोणता कारखाना देणार? म्हणून तिसरी, स्विस पद्धत. झुरिक येथे १८९५ साली ती प्रथम वापरली गेली. तीत कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत ज्यांचे गुण सारखे, त्यांची शक्यतो आपसात गाठ घातली जाते. थोड्या फेऱ्यांत पुष्कळ खेळाडूंची परीक्षा होते. मात्र प्रत्येकाच्या वाटेला प्रतिस्पर्धी वेगळे येतात, आणि शेवटी सारख्या गुणांची माणसे वर जमतात. बरोबरी हा अपघात नव्हे. या पद्धतीचा तो स्वभावच आहे.

आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ साली आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस ही मोठी स्पर्धा जिंकली. अकरा फेऱ्यांची ही स्पर्धा याच पद्धतीची. विदित पहिल्याच फेरीत हरला, आणि पुढे चढत चढत साडेआठ गुणांनी एकटाच पहिला आला. एकटाच आला, म्हणून कोणाला गणित मांडावे लागले नाही. कोणी बरोबरीत असता, तर त्या पहिल्या पराभवाची किंमत दुसऱ्यांदा मोजावी लागण्याचा संभव होता. ती कशी, ते आता सांगतो.

आमच्या समितीने त्या रात्री वापरलेल्या रीतीचे नाव बुखहोल्झ. या नावाच्या जर्मन गृहस्थांनी १९३२ च्या सुमारास ती सुचवली. कल्पना सोपी आहे : खेळाडूच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी, त्याचे प्रतिस्पर्धी अधिक तगडे होते, म्हणून त्याचे चार गुण अधिक कष्टाचे. जो पहिल्याच फेरीत हरतो त्याची पुढची गाठ खालच्या गटातल्यांशी पडते, आणि त्याची बेरीज साहजिकच उतरते.

आमच्या स्टोअरकीपरच्या पाच प्रतिस्पर्ध्यांचे गुण होते ४, ३, ३, २, २, बेरीज १४. टर्नरच्या प्रतिस्पर्ध्यांचे ४, ३, ३, ३ आणि ०, बेरीज १३. स्टोअरकीपर एकाने पुढे. पण ते शून्य आले कोठून? टर्नरशी पहिल्या फेरीत हरलेल्या गड्याला घरून निरोप आला, आई आजारी म्हणून तो गावी निघून गेला, आणि उरलेल्या चार फेऱ्या खेळलाच नाही. एका माणसाची आई आजारी पडली, म्हणून दुसऱ्या माणसाचा क्रमांक गेला!

ही उणीव जाणत्यांच्या लक्षात आली नाही असे नाही. तिच्यावर एक उपाय असा की, प्रत्येकाच्या बेरजेतून सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळावा. तसे केले तर स्टोअरकीपरचे १४ उणे २, म्हणजे १२. टर्नरचे १३ उणे ०, म्हणजे १३. टर्नर पहिला! दुसरा उपाय आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत आहे. स्पर्धा सोडून गेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या न खेळलेल्या फेऱ्या या हिशेबापुरत्या बरोबरीच्या धरायच्या. मग शून्याचे दोन होतात आणि टर्नरची बेरीज १५ होते. पुन्हा टर्नरच पहिला. आणखी एक रीत सोनबोर्न-बर्गर नावाची. तीत हरवलेल्यांचे पूर्ण गुण आणि बरोबरी केलेल्यांचे निम्मे गुण मोजतात. तिने मोजले तर स्टोअरकीपरचे साडेदहा, टर्नरचे साडेनऊ. पुन्हा स्टोअरकीपर वर.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. डाव तेच, चाली त्याच, गुण तेच. फक्त मोजणीची रीत बदलली की विजेता बदलतो. याचा अर्थ या रीती खोट्या आहेत असा नव्हे. प्रत्येकीच्या मागे काही विचार आहे. पण खेळ संपल्यावर रीत निवडणे म्हणजे विजेताच निवडणे होय. निवडणाऱ्याच्या मनात पाप नसले तरी हे खरे आहे.

बेरजेऐवजी अन्य तोडगेही आहेत. एक म्हणजे विजयांची संख्या. लंडन येथे २०१३ साली जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत कार्लसन आणि क्रामनिक दोघांचेही चौदांतून साडेआठ गुण झाले. शेवटच्या फेरीत दोघेही हरले होते! आपसातील लढतही सारखीच सुटली होती. कार्लसनचे विजय पाच, क्रामनिकचे चार. तेवढ्यावर कार्लसन पुढे गेला आणि त्याच वर्षी चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवून जगज्जेता झाला. क्रामनिकने एक डाव कमी जिंकला, तसा एक कमी हरलाही होता. जिंकण्याचे धाडस मोठे की न हरण्याची चिकाटी मोठी? याला गणितात उत्तर नाही. पण नियम आधी छापलेला होता, म्हणून निकाल टिकला.

दुसरा तोडगा दैवाचा. ऑस्ट्रियातील व्हेल्डन येथे १९८३ साली स्मिस्लोव्ह आणि ह्युब्नर यांचा सामना जादा डावांनंतरही बरोबरीत राहिला, तेव्हा जुगारगृहातील रूलेटचे चक्र फिरवून स्मिस्लोव्हला पुढे पाठवण्यात आले. आपण हसू, पण मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मते पडली तेव्हा चिठ्ठी काढूनच निकाल लावावा लागला. चिठ्ठीत एक प्रामाणिकपणा असतो. ती योग्यतेचा आव आणत नाही. मात्र जेथे आणखी खेळून पाहता येते, तेथे चिठ्ठी काढणे हे कष्टाचा अपमान करण्यासारखे आहे.

म्हणून तिसरा तोडगा : पुन्हा खेळा. नागपूरची दिव्या देशमुख आणि आंध्रची कोनेरू हंपी यांची २०२५ च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत जॉर्जियातील बाटुमी येथे झाली. लांब मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलै रोजी कमी वेळाचे जलद डाव झाले. पहिला बरोबरीत, दुसरा दिव्याने जिंकला. एकोणीस वर्षांची मुलगी विश्वचषक घेऊन ग्रँडमास्टर होऊन परतली. येथे निकाल पटावर लागला, कागदावर नव्हे. जलद डाव ही थोडी वेगळी कसोटी आहे हे कबूल. सावकाश कातणाऱ्या हाताची परीक्षा भरभर कातायला लावून घेण्यासारखे ते आहे. तरीही ती खेळाडूच्याच हाताची परीक्षा असते, दुसऱ्याच्या आजारपणाची नव्हे.

आता दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो. वॉर्सा येथे २०२१ च्या जागतिक जलद स्पर्धेत चौघांचे साडेनऊ गुण झाले, पण नियमाप्रमाणे बेरजेत वरच्या दोघांनाच निर्णायक डाव खेळता आला. कार्लसन आणि कारुआना न खेळताच बाहेर राहिले, आणि सतरा वर्षांचा अब्दुसत्तोरोव्ह जिंकला. नियम कडक होता, आमच्या मते वाईटही होता, पण आधी ठाऊक होता. उलट न्यूयॉर्क येथे ३१ डिसेंबर २०२४ रोजी विद्युतगती स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कार्लसन आणि नेपोम्नियाची साडेतीन-साडेतीन झाले. एकजण जिंकेपर्यंत खेळायचे, असा नियम होता. दोघांनी किताब वाटून घेण्याची इच्छा सांगितली, आणि महासंघाने ती तेथल्या तेथे मान्य केली. वाटून घेण्यात आम्हाला मुळीच वावगे दिसत नाही. आमचा आक्षेप असा की, उपांत्य फेरीत हरलेल्यांना ही सवलत ठाऊक नव्हती, आणि एखाद्या सामान्य खेळाडूने मागितली असती तर ती मिळाली असती, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल काय? "हा नियम सकाळी होता का?" हा आमच्या टर्नरचा प्रश्न न्यूयॉर्कलाही लागू पडतो.

बरोबरीचा निकाल जितका महत्त्वाचा, तितकेच सामन्यांचे वेळापत्रकही. आमच्या स्पर्धेत आम्ही पहिली फेरी सकाळी आठला ठेवली. टर्नर तिसऱ्या पाळीतून सुटून, तोंडावर पाणी मारून थेट पटावर बसला होता. स्टोअरकीपर घरी झोप घेऊन आला होता. हा फरक कोणत्याही बेरजेत दिसत नाही.

पटावरचेही एक वेळापत्रक असते. पांढऱ्या मोहऱ्यांची चाल पहिली, म्हणून त्यांचा थोडा फायदा; वरच्या दर्जाच्या खेळात शंभरांपैकी चोपन्न-पंचावन्न गुण पांढऱ्याकडे जातात. सात फेऱ्यांत कोणाला चारदा पांढरी येतात, कोणाला तीनदाच. म्हणून मोठ्या स्पर्धांत दुहेरी साखळी असते : चौदा फेऱ्या, प्रत्येकाशी एकदा पांढरी आणि एकदा काळी. शिवाय कोणाची गाठ केव्हा, हेही पाहावे लागते. कुरासाव येथील १९६२ च्या स्पर्धेनंतर फिशरने उघड आरोप केला की, सोव्हिएत खेळाडू आपसात ठरवून बरोबरी करतात. त्या धड्यातून एक शहाणी प्रथा आली आहे : एका देशाचे खेळाडू आपसात लवकर खेळवावेत, म्हणजे शेवटी कोणी कोणाला गुण बहाल केल्याचा संशय नको. टोरांटो येथे २०२४ साली विदित, गुकेश आणि प्रज्ञानंद हे तिघे भारतीय पहिल्या तीन फेऱ्यांतच एकमेकांशी खेळले. संशय आल्यावर चौकशी करण्यापेक्षा संशयाला जागाच न ठेवणे, हे स्वस्त आणि सभ्य.

येथवर माणसांचे झाले. आता संगणकांचे. त्यांच्यात स्पर्धा कशाला, असे कोणी विचारील. तर यंत्रांच्या स्पर्धेत थकवा, झोप, आजारी आई यांतले काही नसते. मग नियमांचा दोष तेवढा उघडा पडतो. धान्य पाखडल्यावर खडे दिसावेत, तसा.

संगणक प्रोग्रामांची पहिली जागतिक स्पर्धा स्टॉकहोम येथे १९७४ साली झाली. तेरा प्रोग्राम, चार फेऱ्या. सोव्हिएत संघाचा 'काइसा' चारही डाव जिंकून पहिला आला. परंतु सर्वांत बलवान समजल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या 'चेस ४.०'शी त्याची गाठच पडली नव्हती. लोकांची हुरहूर जाईना, म्हणून स्पर्धा संपल्यावर दोघांचा एक मैत्रीचा डाव झाला. तो बरोबरीत सुटला! फेऱ्या थोड्या असल्या की वेळापत्रकच अर्धा निकाल लावते, ते असे. पुढे कोलोन येथे १९८६ साली बावीस प्रोग्राम पाच फेऱ्या खेळले, चौघांचे चार-चार गुण झाले, आणि 'क्रे ब्लिट्झ' या प्रोग्रामला बेरजेवर जगज्जेतेपद मिळाले. चोवीस कामगार, पाच फेऱ्या, चार गुण. आमच्या सातपूरच्या स्पर्धेचीच ही थोरली बहीण म्हणावी.

ग्राझ येथील २००३ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. 'जॉनी' आणि 'श्रेडर' या दोन प्रोग्रामांच्या डावात एकच स्थिती तिसऱ्यांदा आली. अशा वेळी मागणी केल्यास डाव बरोबरीचा होतो. जॉनीने पडद्यावर तशी सूचना दिली. पण चाली हलवायला बसलेल्या माणसाने ती केवळ माहिती समजून डाव पुढे चालू ठेवला, आणि श्रेडर जिंकला. तक्रार झाली, निकाल कायम राहिला. त्या अर्ध्या गुणामुळे श्रेडरने 'फ्रिट्झ'ला गाठले आणि निर्णायक डावांत हरवून किताब घेतला. यंत्र चुकले नव्हते. यंत्र आणि माणूस यांच्यात शेवटचा शब्द कोणाचा, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. कारखान्यात नवीन यंत्र येते तेव्हा नेमका हाच खड्डा राहतो, हे आमचे कामगार बांधव जाणतात.

आजच्या यंत्रस्पर्धांनी या अनुभवातून बरेच घेतले आहे. २०१० साली सुरू झालेल्या 'टीसेक' या स्पर्धेत सर्व प्रोग्राम आयोजकांच्याच यंत्रसामग्रीवर चालतात. कोणी घरून बलाढ्य यंत्र आणीत नाही. आजचे बलवान प्रोग्राम नेहमीच्या सुरुवातीपासून खेळले तर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतील. म्हणून सुरुवातीच्या काही चाली आयोजक ठरवून देतात, आणि त्या मुद्दाम एका बाजूला थोड्या झुकत्या असतात. मग तोच डाव बाजू बदलून पुन्हा खेळवतात. झुकते माप दोघांनाही एकेकदा मिळते. भावांच्या वाटणीत एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, त्यातलीच ही अक्कल. आणि अंतिम सामना असतो शंभर डावांचा.

शंभर का? नाणे शंभरदा उडवले तर छाप बरोबर पन्नासदाच पडत नाही; पण साधारण चारांत तीन वेळा ती ४५ ते ५५ च्या दरम्यान राहते. पाचदाच उडवले तर काहीही होऊ शकते. पाच फेऱ्यांच्या स्पर्धेतील एका गुणाच्या बेरजेने 'हा श्रेष्ठ, तो कनिष्ठ' असे म्हणणे हे पाचदा नाणे उडवून म्हणण्यासारखेच होय. यंत्राला शंभर डाव खेळवता येतात, कारण त्याला पाळी नाही आणि घरी वाट पाहणारे कोणी नाही. माणसाला ते शक्य नाही. म्हणून माणसांच्या स्पर्धेत बरोबरी फोडणे हा सत्याचा शोध नसतो. ती तडजोड असते. आणि तडजोडीचे बळ तिच्या अचूकपणात नसते. ती आधी, उघडपणे आणि सर्वांसाठी सारखी झाली, यात असते.

कामगार कायद्याने हे फार पूर्वी ओळखले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे २५-जी हे कलम आले : कपात करायची तर त्या वर्गात जो शेवटी लागला, तो सामान्यतः आधी जाईल. शेवटी आलेला कामात कमी असतो, असे कायद्याचे म्हणणे नव्हते. मालकाच्या मर्जीपेक्षा रुजू होण्याची तारीख बरी, एवढेच. आणि मुंबईच्या १९५७ च्या नियमांत ज्येष्ठतेची यादी कपातीपूर्वी सात दिवस फलकावर लावण्याची अट होती. २०२० च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही शेवटी आला तो आधी, हे तत्त्व ठेवले आहे. आमच्या लेखी कलमाइतकेच मोल त्या फलकाचे आहे.

आज नाशकात पोरेबाळे शनिवार-रविवारी पट काखेत मारून स्पर्धांना जाताना दिसतात. त्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. बरोबरीचे नियम, त्यांच्या क्रमासह, पहिल्या फेरीआधी फलकावर लावा. वेळ असेल तर निकाल खेळून लावा. नसेल तर आधी आपसातील डाव पाहा, आणि बेरजेवर यावेच लागले तर सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळा. स्पर्धा सोडून गेलेल्याचा भुर्दंड मागे राहिलेल्यावर टाकू नका. पांढरी-काळी मोहरी आणि विश्रांती यांचा हिशेब वेळापत्रकातच करा. रोख बक्षीस असेल तर वाटून द्या, पण वाटून देणार हेही आधीच लिहून ठेवा. आणि एकच जागा असून सर्व उपाय थकले, तर सर्वांसमक्ष चिठ्ठी काढा; तिला गणिताचा मुखवटा चढवू नका.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा स्पर्धा भरवली. पहिली फेरी दुपारी बाराला ठेवली आणि हे नियम मोठ्या अक्षरांत दारावर लावले. टर्नर आला. त्याने नियम उभ्या उभ्या वाचले, खिशातून पेन काढून नावनोंदणीच्या कागदावर सही केली. तो त्या वर्षी चौथा आला. निकालानंतर त्याने विचारले काहीच नाही.